ड्रॅगनवहिनींची डुलकी

आमच्या मजल्यावर कुणाचं काय चाललंय हे मला विचारावं लागत नाही. भिंती पातळ आहेत, माझे कान तिखट आहेत आणि गॅलरी एकच, सलग, चारी बिऱ्हाडांच्या दारांवरून जाणारी. कपडे वाळत घालायला बाहेर पडलं की चार संसार वाळत घातलेले दिसतात. त्यातलं माझ्या डाव्या हाताचं बिऱ्हाड ड्रॅगनवहिनींचं. हे नाव मीच ठेवलं. स्वभावावरून नव्हे, स्वभावाने बाई इतकी मवाळ, की दूधवाल्याने पाणी घातलं तर 'उन्हाचे दिवस आहेत, त्यालाही तहान लागत असेल' म्हणतील. नाव पडलं ते त्यांच्या ऐकण्यावरून.

वहिनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात आहेत. सकाळी चादरींचा डोंगर येतो, दुपारपर्यंत त्याच्या घड्या होतात, दुसऱ्या दिवशी तोच डोंगर पुन्हा दारात. धुतलेली ओली चादर दोन्ही टोकांना धरून ताणायची आणि तापलेल्या लांबलचक रोलरमध्ये सरळ घालायची, हे वहिनींचं काम. पलीकडून दुसरी बाई ती कोरडी होऊन आलेली चादर ओढून घेते. घालणारीची बोटं रोलरपासून वीतभर लांब असतात, म्हणून तिथे नवखीला उभं करत नाहीत. वहिनींना ती जागा फार वर्षांनी मिळाली. सिंहासन मिळाल्यासारखा अभिमान आहे त्यांना तिचा. बसता मात्र येत नाही त्यावर, दिवसभर उभंच राहावं लागतं.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, बेकरीत भट्टीवर. कायमची रात्रपाळी. सकाळी भाऊजी जिना चढतात तेव्हा वहिनी उतरत असतात. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गाठ पडते. ते कागदात गुंडाळलेला गरम पाव यांच्या हातात देतात, या किल्ली त्यांच्या हातात देतात, 'दूध तापवलंय', 'नळ गळतोय' अशी दोन वाक्यं होतात, झाला संसार. संध्याकाळी थोडा वेळ मिळतो. वहिनी येतात, भाऊजी उठतात, समोरासमोर बसून चहा पितात आणि आळीपाळीने जांभया देतात. तेवढ्यात भाऊजींची निघायची वेळ होते. सुट्टी म्हणाल तर वहिनींची रविवारी, भाऊजींची मंगळवारी. लग्न टिकलंय, सुट्ट्यांचा मात्र काडीमोड झालाय.

वहिनींना वाचनाचं वेड लहानपणापासून. तेही साधंसुधं नाही, जादूच्या कादंबऱ्यांचं. राजे, राण्या, शापित तलवारी, बोलणारी झाडं आणि ड्रॅगन. उशीएवढी जाड पुस्तकं वाचनालयातून आणायच्या. पुढे अंगावर नोकरी पडली, मुलगी झाली, आणि पुस्तक हातात धरलं की दोन पानांत ते नाकावर आदळायला लागलं. मग परगावी नोकरीला असलेल्या मुलीने बोलत्या पुस्तकांची वर्गणी भरली आणि आईच्या आणि बाबांच्या, दोघांच्या फोनवर ते घालून दिलं. आईला ऐकायला आणि बाबांना भट्टीसमोर जागं राहायला. धुलाईघरातल्या सुपरवायझरबाईंनी एका कानाची परवानगी दिली. तेव्हापासून वहिनींचा एक कान रोलरकडे आणि दुसरा राजवाड्याकडे.

मग काय, रविवारी गॅलरीत कपडे वाळत घालताना आम्हाला आठवड्याचा निकाल मिळायचा. वहिनींची मतं पक्की, आणि सांगायची पद्धत अशी थकलेली, की वाद घालायला जीव होत नाही. जादूचं पुस्तक लांबच हवं, असं त्यांचं म्हणणं. छोट्या पुस्तकात माणूस ओळखीचा होतो न होतो तोच संपतं; पुन्हा नव्या माणसांची नावं पाठ करा, ती ताकद आता राहिली नाही. छापील पुस्तकात सुरुवातीला नकाशा असतो, तो ऐकताना मिळत नाही. तेही बरंच, त्या म्हणायच्या. नकाशा बघितला की किती चालायचंय ते कळतं आणि कळलं की माझेच पाय दुखायला लागतात.

आवाज बदलून वाचणारे त्यांना अजिबात खपत नसत. एका गड्याने राणीचा असा आवाज काढला होता, म्हणे, की राणीला कधी काढा पाजतात याचीच त्या वाट बघत राहिल्या. वाचणाऱ्याने सांगून मोकळं व्हावं, रडायचं काम आमचं, आम्ही करू. आणि किल्ल्यांबद्दल त्यांची एक कायमची तक्रार. एवढ्या मोठ्या किल्ल्यात पाहुणे येतात, जखमी येतात, बाळंतपणं होतात, पण चादर धुताना एकही बाई दिसत नाही. जादूने होत असेल तर ती जादू आधी शिकवा, तलवारीचं मागाहून बघू. भाऊजींची तक्रार याच्याच शेजारची. फौज महिना-महिना चालत असते, मग पाव कोण भाजतंय?

मी एकदा मुद्दाम खोडी काढली. म्हटलं, वहिनी, या वयात परीकथा कसल्या ऐकता, काही संसाराचं ऐका. त्यांनी चिमटा लावायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, त्यात माणसं दमतात ना, तेव्हा लिहिणारा लिहितो, सगळे फार दमले होते. आणि पुढच्या ओळीत सकाळ झालेली असते. त्या दोन ओळींच्या मध्ये जी झोप आहे, तेवढ्यासाठी ऐकते मी."

मी त्यांच्या बादलीतला एक टॉवेल पिळून दिला.

गेलं वर्षभर नवरा-बायको दोघांचं मिळून एकच लांबलचक पुस्तक चाललं होतं. आम्ही त्याला धुक्याच्या किल्ल्याचं पुस्तक म्हणायचो. त्यात एक राणी, एक जादूगार आणि राणीला पाठीवर घेऊन उडणारा एक म्हातारा ड्रॅगन. ड्रॅगनवर दोघांचाही जीव. एवढं मोठं धूड, पण सांधे दुखतात, उडायला नको म्हणतो, दोनदा हाक मारल्याशिवाय उठत नाही. वहिनी म्हणायच्या, पहिल्यांदाच कुणीतरी खरा ड्रॅगन लिहिलाय. जादूगारावरून मात्र दोघांचं हाडवैर. वहिनींच्या मते तो देवमाणूस. जखमींना औषध देतो, पोरांना गोष्टी सांगतो. भाऊजींच्या मते पक्का चोर. चहाच्या वेळी भिंतीतून ऐकू यायचं, त्याच्यासारखा लबाड माणूस नाही, आणि वर वहिनींचा दमलेला आवाज, तुम्हाला माणसं ओळखताच येत नाहीत, नाहीतर तुमच्या त्या शेठजीकडे इतकी वर्षं राबला नसता. मला वाटायचं, एकच पुस्तक ऐकून दोन माणसांचं इतकं वेगळं कसं होतं? मग म्हणायचे, नवरा-बायको आहेत, होणारच.

एका रविवारी वहिनी गॅलरीत आल्या त्या बादली ठेवून तशाच उंबऱ्यावर बसल्या. कपडे पाण्यात. मी जवळ गेले तर म्हणाल्या, ताई, ड्रॅगन मेला.

मी म्हटलं, अरेरे. कसा?

"तेच मला आठवत नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पुस्तकात सगळे त्याच्याबद्दल तो गेला असं बोलतात, राणी पायी चालते, त्याच्या गुहेत आता शेळ्या बांधतात. म्हणजे मरण झालं, दुःख झालं, सगळं होऊन गेलं, आणि यांच्या लक्षात काहीच नाही. हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. कितीतरी दिवस चाललं होतं. सेनापतीला काल दोन हात असायचे, आज एकच, आणि सगळे असे वागायचे जणू जन्मापासून एकच होता. आधी त्यांना वाटलं लिहिणाऱ्याची ढब आहे, चांगला लेखक सगळं सांगत नाही. मग वाटलं आपल्याला उभ्याउभ्या डुलकी लागते. पण रोलरपुढे डुलकी लागली असती तर बोटं राहिली असती का? म्हणजे डुलकी नाही. म्हणजे दुसरंच.

दुसरंच म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांच्या आईला मी पाहिलं होतं. शेवटची काही वर्षं इथेच होत्या, याच गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या. आधी त्या दिवसातला एखादा तुकडा विसरायच्या, मग आख्खे दिवस, मग मुलीलाच 'बाई, तुम्ही कुणाकडे आलात?' असं विचारायला लागल्या. वहिनी सांगायच्या, 'तुमच्याकडेच.' आणि भात कालवून भरवायच्या.

"आईचंही असंच सुरू झालं होतं," वहिनी म्हणाल्या. "मधलंमधलं जायचं."

त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं. शनिवारी सुपरवायझरबाईंना सांगायचं, मला रोलरवरून काढा, मळक्या कपड्यांच्या वर्गवारीला टाका. विसरभोळ्या बाईचं रोलरपुढे काम नाही. डॉक्टरकडे जायचं नाही, कारण त्या हॉस्पिटलात त्यांना प्रत्येक वॉर्ड ओळखतो. चादरीच्या आधी बातमी पोचेल. आणि भाऊजींना कळता कामा नये. चहाच्या वेळी ते पुस्तकातलं काही बोलायला लागले की या आठवत असल्यासारखी मान हलवायच्या. हो, तो प्रसंग फार छान होता. कुठला प्रसंग ते देव जाणे. मलाही त्यांनी शपथ घातली.

आता माझ्या तोंडाला कुलूप आहे हे खरं, पण त्याची एक-एक किल्ली मजल्यावर प्रत्येकाकडे आहे. तरी या वेळी मी शपथ पाळायची ठरवलं. सांगायचं नाही, फक्त विचारायचं. विचारण्याची शपथ कुणी घातली नव्हती.

मंगळवारी भाऊजींची सुट्टी. दुपारी ते गॅलरीत स्टुलावर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. सुट्टीच्या दिवशीही हा माणूस असा दिसतो, जणू आत्ताच भट्टीतून काढून निवायला ठेवलाय. मी मेथी निवडायच्या निमित्ताने समोर बसले आणि सहज म्हटलं, काय भाऊजी, ड्रॅगन मेला म्हणे.

त्यांची सुई थांबली. तुम्हाला कुणी सांगितलं, असंही विचारलं नाही. एकदम सांगायलाच लागले. कसा तो आजारी होता, राणीने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली, सेनापतीने आपल्या एका हाताने त्याच्या तोंडाला पाणी लावलं, सगळं. सेनापतीचा दुसरा हात कुठे गेला, मी विचारलं. तो त्या पुलावरच्या लढाईत, भाऊजी म्हणाले, आणि आख्खी लढाई सांगितली. माझी मेथी तशीच राहिली. मनात म्हटलं, याला सगळं ठाऊक आहे, एकाच घरात एक विसरतंय आणि एकाला सगळं पाठ.

मग उगाच बोलणं लांबवावं म्हणून मी विचारलं, आणि जादूगार त्या जखमींना औषध देतो ते?

भाऊजींचा चेहरा बदलला. हो हो, फार छान प्रसंग आहे, ते म्हणाले. आणि मान हलवली.

ती मान मी ओळखली. दोन दिवसांपूर्वी तीच मान वहिनींनी मला करून दाखवली होती. मी मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हटलं, भाऊजी, तुम्हाला तो प्रसंग आठवत नाही. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग चप्पल पायात घातली, मग पुन्हा काढली.

"ताई, हिला सांगू नका. मला भट्टीसमोर झोप लागते. उभ्याउभ्या. किती वेळ लागते तेही कळत नाही, पुस्तक बरंच पुढे गेलेलं असतं. पाव करपत नाहीत हे नशीब. शेठला कळलं तर घरी बसवेल."

गंमत बघा. माझ्या एका पदरात बायकोची शपथ, दुसऱ्या पदरात नवऱ्याची. आणि दोघांची दुखणी एकमेकांत अशी बसत होती, जशी डब्याला झाकणं. जे वहिनींना आठवत नव्हतं ते भाऊजींना पाठ, आणि जे भाऊजी झोपेत हरवून बसले ते सगळं वहिनींनी मला रविवारी-रविवारी सांगितलेलं.

संध्याकाळी आमच्या घरी भांडण झालं. रोजचंच. आमचे हे आणि मी एकाच खात्यावर मालिका बघतो. मी दुपारी बघते, हे संध्याकाळी स्वतःच्या फोनवर लावतात, आणि माझ्या पुढे गेले की माझी जागा हरवते. दुसऱ्या दिवशी मला नायिकेच्या लग्नाऐवजी तिचं बाळच दिसतं. मी ओरडत होते, तुम्ही माझी जागा हलवली. आणि ओरडता ओरडता थांबले. हे म्हणाले, काय झालं, बरं वाटत नाही का? भांडणात मी आपणहून थांबले असं याआधी कधी झालं नव्हतं.

मी सरळ शेजारी गेले. चहा चालला होता, जांभया चालल्या होत्या. म्हटलं, दोघांचे फोन द्या जरा. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडे साखर, छत्री, पाहुण्यांसाठी गादी, सगळं मागितलंय, त्यामुळे कुणी का म्हणून विचारलं नाही. दोन्ही फोन टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. वहिनींच्या फोनवर पुस्तक सुरू केलं. किल्ल्यात कुणीतरी घोड्यांना दाणा घालत होतं. थोडं चालू दिलं. दाणा घालणारा घोड्यावर बसला, बंद केलं. मग भाऊजींच्या फोनवर सुरू केलं. तिथे तो घोड्यावर बसलेलाच होता, आणि निघाला.

दोघांनाही काही कळलं नाही. मग मी जरा हात-बित हलवून सांगितलं. मुलीने दोघांना मिळून एकच खातं करून दिलंय. पुस्तकाची जागाही एकच. वहिनी दिवसभर ऐकून जिथे थांबतात तिथून भाऊजी रात्री सुरू करतात. भाऊजी पहाटे जिथे थांबतात तिथून वहिनी. दिवसाचं पुस्तक हिचं, रात्रीचं पुस्तक यांचं. डुलकी कुणाला लागली नाही, कुणी काही विसरलं नाही. दोघांनी मिळून एकच पुस्तक ऐकलंय, अर्धं-अर्धं.

मला वाटलं होतं हसतील. निदान माझं कौतुक तरी होईल. वहिनी म्हणाल्या, "परत करून दाखवा."

केलं. परत एकदा करा, म्हणाल्या. परत केलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं, आपल्या बोटाने, रोलरमध्ये चादर घालताना धरतात तसा फोन दोन्ही टोकांना धरून. मग तो खाली ठेवला आणि पदराने चेहरा पुसला. भाऊजी बघतच होते. त्यांना वहिनींच्या भीतीचं काही ठाऊक नव्हतं ना. वहिनींनी तेव्हा सांगितलं, थोडक्यात, आईचं नाव घेऊन. भाऊजींनीही भट्टीचं सांगितलं. दोघंही इतकं हळू बोलत होते, की मी तिथे असून मला कान द्यावे लागले.

मग भाऊजी म्हणाले, "म्हणजे इतके दिवस आपण जागेच होतो."

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "म्हणूनच एवढं दमायला होतं."

शनिवारी त्या कामावर गेल्या आणि सुपरवायझरबाईंना काहीच न बोलता रोलरपुढे उभ्या राहिल्या. संध्याकाळी मला दोन्ही हात पुढे करून दाखवले. दहाही बोटं जागच्या जागी. मुलीला फोन गेला. ती बिचारी पोट धरून हसली, मग जरा रडली, मग म्हणाली, आत्ता दोन खाती करून देते, दोघंही पहिल्यापासून ऐका. वहिनी म्हणाल्या, राहू दे बाई. एवढा मोठा ग्रंथ पहिल्यापासून ऐकायचा म्हणजे पुन्हा तितकंच आयुष्य उभ्याने काढायचं. अर्धं यांच्याकडे आहे, विचारून घेईन.

पण विचारणार कधी? जिन्याच्या वळणावर? चार दिवस तेही करून बघितलं. पाव हातात देता देता भाऊजी म्हणायचे, जादूगाराने मुकुट चोरला. किल्ली देता देता वहिनी म्हणायच्या, उगाच नाही चोरला, औषधासाठी विकला. खालून भाजीवाला ओरडायचा, वाट सोडा. युगायुगांचं वैर जिन्यात मिटायला लागलं होतं, पण पुस्तक काही पुढे सरकेना. आणि ड्रॅगनचा विषय दोघंही काढत नव्हते. भाऊजींनी तो रात्री भट्टीसमोर एकट्याने ऐकला होता आणि बायकोला झेपणार नाही म्हणून घरी त्यातलं अक्षर काढलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, ती ऐकून गप्प आहे. आणि ही विसरली म्हणून गप्प.

मग बेकरीतली भट्टी डागडुजीसाठी बंद ठेवली, आणि नेमका रविवार आला. दोघांना एकत्र सुट्टी. सकाळपासून शेजारी इतकी शांतता, की मी दोनदा कपडे वाळत घालून बघितले. दुपारी खिडकी उघडी होती. मी खिडकीखाली भरतकाम घेऊन बसले. भरतकाम मला येत नाही, पण बसायला बरं पडतं.

आत वहिनी म्हणाल्या, सांगा आता. भाऊजी म्हणाले, काय सांगू, वाचणाऱ्यासारखं मला जमणार नाही. आवाज तरी काढा, वहिनी म्हणाल्या. माझ्या हातातली सुई बोटात गेली. आवाज काढणाऱ्यांचा आयुष्यभर दुस्वास केलेली बाई. भाऊजींनी घसा खाकरून राणीच्या आवाजात दोन हाका मारल्या. फार वाईट. वहिनी हसल्या, मग म्हणाल्या, नको, तुमच्याच आवाजात सांगा.

भाऊजींनी सांगितलं. मला मंगळवारी सांगितलं होतं त्यापेक्षा खूप कमी.

"म्हातारा झाला होता. ती हाक मारायची तेव्हा उठायचा. त्या दिवशी नाही उठला. राणी बसून राहिली शेजारी."

"त्याने ओळखलं का तिला?"

भाऊजी थांबले. मीही थांबले. मंगळवारी मी मेथी सोडून सगळं ऐकलं होतं, त्यात हे आलं नव्हतं. पुस्तकात होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही.

"ओळखलं," भाऊजी म्हणाले. "शेवटपर्यंत."

मग वहिनींचं नाक ओढणं, मग जांभई, मग भाऊजींची जांभई. वहिनी म्हणाल्या, पुढचं आता एकत्रच लावा. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला आणि तो सांगून मोकळा होणारा वाचणारा सुरू झाला. तो जेमतेम पानभर वाचतो न वाचतो तोच आत दोन निरनिराळे घोरण्याचे सूर लागले. एक जाड, एक बारीक.

उठून खिडकीतून पाहिलं. वहिनी कॉटवर, पाय उंच उशीवर. भाऊजी खाली चटईवर, एक हात कॉटच्या कडेवरून वर टाकलेला. टेबल खिडकीला लागून. फोन बोलतोय, ऐकणारं कुणी नाही, आणि जागा पुढे-पुढे चाललीय. दोघं उठतील तेव्हा पुन्हा मधलं गेलेलं असेल. या वेळी मात्र खरोखर झोपेत.

मी गजांतून हात घातला आणि बंद केलं.

अगदी लगेच नाही केलं, हेही सांगून टाकते. जादूगार किल्ल्याच्या दाराशी परत आला होता आणि राणी दार उघडते की नाही ते कळेपर्यंत मला हात घालवेना. म्हणजे त्या पुस्तकाचा आता एक तुकडा असा आहे, जो ना दिवसाचा ना रात्रीचा, फक्त माझा.

रविवारी रात्री भट्टी पुन्हा पेटली. सोमवारी सकाळी मी मुद्दाम जिन्याच्या वळणावर जाऊन उभी राहिले. वहिनी वरून येत होत्या, भाऊजी खालून. तो तुकडा सांगणं भाग होतं, नाहीतर बाई पुन्हा घाबरल्या असत्या. दोघांच्या मध्ये उभं राहून सांगितला. वहिनींनी किल्ली दिली, पाव घेतला, आणि पावाचा अर्धा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

"बरं सांगता तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण जरा घाईने सांगता." आणि उतरायला लागल्या.